कुणीतरी पडल्याशिवाय

हार घालून झाला, नारळ फुटला, तरी माझी बायको वैजयंता क्रेनपुढे हात जोडून तशीच उभी राहिली. मी म्हटलं, "चल, झालं." ती डोळे न उघडताच म्हणाली, "थांबा जरा. काय मागायचं ते कळत नाहीये."

"धंदा नीट चालू दे, असं म्हण."

"म्हणजे घाटात गाड्या पडू देत, असंच ना?"

कामावरचा गणपत हसला, पण आम्ही दोघं हसत नाही हे पाहून गप्प झाला. वैजयंतानं शेवटी काय मागितलं ते तिनं मला सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

ही दिवाळीनंतरची गोष्ट. गवत पिवळं पडलं होतं आणि ऊन असं स्वच्छ होतं, की फाट्यावरून घाटाची सगळी वळणं मोजता यावीत. घाटाच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीशेजारच्या मोकळ्या जागेत मी क्रेन उभी केली होती. दरीत गेलेल्या, कलंडलेल्या, कठड्यावर लटकलेल्या गाड्या ओढून काढायच्या, हा धंदा. जुन्या ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेली क्रेन, मागे मोठं रीळ, त्यावर गुंडाळलेला पोलादी दोर. दोर तेवढा नवा होता. बाकी सगळं दाऊदभाईंचं.

दाऊदभाई मुकादमांच्या हाताखाली मी हे काम शिकलो. ते दोर सोडायचे-ओढायचे, मी आणि जनार्दन खाली उतरून हुक लावायचो. एका संध्याकाळी दोर तुटला आणि चाबकासारखा उलटा आला. जनार्दन वाटेत उभा होता. त्याच्या तोंडून आवाजही आला नाही. मी त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होतो. दोर तुटायच्या आधी गुंजारव केल्यासारखा एक बारीक आवाज आला होता, गांधीलमाशी कानाजवळून जावी तसा. तो आवाज माझ्या डोक्यात घर करून राहिला.

त्या दिवसापासून भाईंनी काम बंद केलं. क्रेन त्यांच्या परसात फणसाखाली उभी राहिली, तिच्यावर वेल चढले. मी कोल्हापूरला एका गॅरेजात नोकरी धरली. वैजयंता म्हणायची, "जन्मभर दुसऱ्याचे नट आवळत बसणार का? तुमचं स्वतःचं काहीतरी काढा." मी म्हणायचो, काढू. मनातल्या मनात मी ठरवलं होतं, की ती भीती गेली की काढू. वर्षं गेली, भीती काही गेली नाही. रस्त्यात कुठं दोर ताणलेला दिसला तरी मी लांबून वळसा घालायचो. शेवटी चाळिशी दिसायला लागली तेव्हा कळलं, की असाच थांबलो तर थांबूनच राहीन. मी भाईंकडे गेलो.

भाई ओटीवर सुपारी कातरत बसले होते. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भंगारवाले दोनदा येऊन गेले. त्यांना दिली नाही. तू चालवणार असशील तर ने."

"चालवायचीच आहे, भाई."

"भीती वाटते?"

मी खोटं बोललो. "नाही. आता नाही वाटत."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले. मला वाटलं, त्यांना माझं म्हणणं पटलं.

हुक लावायला माणूस हवा होता. मी कुणाला विचारायच्या आधीच गणपत दारात येऊन उभा राहिला. गणपत म्हणजे जनार्दनचा धाकटा भाऊ. तीस-बत्तीसचा, अंगानं दणकट, बोलायला कमी.

"दादा, मी येतो कामाला."

"तू नको, गणपत. दुसरं काहीही सांग."

"दुसरं काही आहे का इथं? आणि मला हे काम येतं. आमचा जनार्दनदादा होता तेव्हा मी बघायला यायचो की."

वैजयंतानं आतून मला हाक मारली आणि हळू आवाजात म्हणाली, "याला घेऊ नका. त्याच्या आईला काय तोंड दाखवाल?" पण दुसरा कुणी तयार होईना. घाटातल्या लोकांना जनार्दनची गोष्ट पाठ होती. मी गणपतला घेतलं.

पूजा झाली त्याच दुपारी त्याची आई आली. आम्ही सगळे तिला काकी म्हणायचो. ती टपरीच्या समोरच्या आंब्याखाली, बरोबर क्रेनच्या समोर येऊन बसली. मी पाणी घेऊन गेलो. ती पाणी प्यायली, तिनं तांब्या परत दिला.

"काकी, उन्हात कशाला आलात?"

"बघायला."

"काय बघायला?"

"सहदेवा, एक दिलाय मी," ती म्हणाली. "दुसरा देणार नाही, एवढंच सांगायला आले. तू वाईट नाहीस. पण मी इथं बसणार."

आणि ती बसली. रोज सकाळी यायची, भाकरी बांधून आणायची, ऊन उतरलं की उठून जायची. गणपत तिच्याकडे पाहायचा नाही. मी दोराला ग्रीस लावत असलो की तिची नजर माझ्या पाठीवर जाणवायची.

काम काही येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्याचं बरंच वाटत होतं. घाटातून ट्रक खाली उतरताना गिअर बदलल्याचा आवाज आला की माझे कान टवकारायचे, आणि ट्रक सरळ निघून गेला की छाती मोकळी व्हायची. आपला धंदा चालत नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकणारा मालक माझ्याशिवाय दुसरा नसेल. आणि फाट्यावरची माणसं हळूहळू आमच्याशी वेगळं वागायला लागली. आधी टपरीवरचे लोक थट्टा करायचे, "काय सहदेव, लागली का एखादी?" मग थट्टाही बंद झाली. एसटीचे ओळखीचे ड्रायव्हर हात करायचे ते करेनासे झाले. सरळ पुढं बघून जायचे. टपरीवाल्यानं आपलं बाकडं आमच्या बाजूनं उचलून पलीकडे नेलं. म्हणाला, इकडे ऊन लागतं. पलीकडे जास्त ऊन होतं.

एकदा लग्नाच्या वऱ्हाडाची बस थांबली. घाट चढण्याआधी वाघजाईच्या नावानं नारळ फोडायची इथली पद्धत. एक वयस्कर गृहस्थ उतरले, फेटा बांधलेला, चेहरा अगदी सज्जन. माझ्याजवळ येऊन हात जोडून म्हणाले, "राग मानू नका. मुलीला पहिल्यांदाच सासरी नेतोय. ते तुमचं यंत्र जरा वेळ झाकता का? बायकांच्या नजरेस पडलं, त्या घाबरल्या."

मी आणि गणपतनं ताडपत्री आणून क्रेन झाकली. दोघांनी दोन कोपरे धरून, घरातल्या मेलेल्या माणसावर चादर ओढावी तशी. बसच्या खिडकीतून नवरी मुलगी बघत होती. बस गेल्यावर गणपत म्हणाला, "काढायची का ताडपत्री?"

"राहू दे," मी म्हटलं.

त्या दिवशी मी जेवलो नाही. वैजयंता म्हणाली, "विकून टाका. मीच मागे लागले होते, मीच सांगते. माझ्याच्यानं हे बघवत नाही. सकाळी उठलं की मी आधी घाटाकडे बघते आणि मग देवाकडे." मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी भाईंकडे जाऊन क्रेन परत घ्या म्हणून सांगायचं, असं पक्कं ठरवून मी आडवा झालो.

ते सांगायला मी गेलोच नाही, कारण सकाळी फाट्यावर न्याहारी चालली होती तेव्हाच एक मोटारसायकलवाला भरधाव उतरत आला. चाकं थांबायच्या आधीच ओरडला, "वरच्या वळणावर ट्रक गेला. ड्रायव्हर आत आहे. जिवंत आहे."

मी आंब्याकडे पाहिलं. काकी उठून उभी राहिली होती. गणपत केव्हाच क्रेनवर चढून बसला होता.

वर पोचलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली होती. कोल्हापूरकडून साखरेची पोती घेऊन उतरणारा ट्रक कठडा फोडून दरीवर लटकला होता. मागची चाकं रस्त्यावर, केबिन हवेत, खाली एका ऐनाच्या झाडाला टेकलेली. झाड बुंध्यापासून कललेलं होतं. केबिनमधून आवाज येत होता. ओरडणं नव्हे ते, सारखं कुणाशी तरी बोलल्यासारखं.

एक हवालदार पुढे आला. "तुम्ही क्रेनवाले ना? लवकर ओढा. पाय अडकलाय त्याचा. झाड किती वेळ धरेल सांगता येत नाही."

मी क्रेन जागेवर लावली. चाकांना दगड लावले. गणपतनं दोर नेऊन ट्रकच्या मागच्या चेसीला हुक अडकवला आणि हात वर केला. मी दोर ताणायला सुरुवात केली. पाय क्लचवर होता आणि गुडघा आपोआप उडत होता. मी एका हातानं तो दाबून धरला. दोर ताठ झाला. ट्रक हलला, कणभर मागे आला. लोकांमधून "आला, आला" असा गलका उठला.

आणि मला तो आवाज आला.

बारीक. गांधीलमाशीसारखा. मी ओढणं थांबवलं, दोर होता तसा ताठ ठेवला.

"का थांबलात?" हवालदार धावत आला.

मी त्याला काय सांगणार? तो आवाज मला गेली कितीतरी वर्षं ऐकू येत होता. झोपेत, नळाच्या पाण्यात, गॅरेजातल्या पंख्यात. आता आलेला दोराचा होता की माझ्या डोक्यातला, ते मला कळत नव्हतं. दोर नवा आहे, मीच घेतलाय, रोज हातानं तपासलाय. भित्रा माणूस असंच काहीतरी ऐकणार.

"गणपत, तुला काही ऐकू आलं?"

"एवढ्या गोंगाटात काय ऐकू येणार, दादा?"

खाली केबिनमधला माणूस आता मोठ्यानं म्हणत होता, "थांबू नका हो. थांबू नका."

मागचे लोक ओरडायला लागले. ओढा, ओढा. कुणीतरी शिवी दिली. हवालदार म्हणाला, "अहो, तुमच्यानं होत नसेल तर सांगा, दुसरीकडून मागवतो." दुसरी क्रेन यायची म्हणजे कोल्हापूरहून. तोवर झाड राहिलं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

क्लच सोडून ओढणं सगळ्यात सोपं होतं. सगळ्यांना तेच हवं होतं. मलाही. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, असं वाटत होतं. मी समोर पाहिलं. ताणलेल्या दोराच्या अगदी शेजारी गणपत उभा होता, जनार्दन उभा होता तसा, एक हात कमरेवर ठेवून.

"गणपत, बाजूला हो. डोंगराच्या कडेला जा," मी म्हटलं. "हवालदारसाहेब, दोराच्या रेषेत एकही माणूस नको. सगळ्यांना वळणापलीकडे न्या. मी असा ओढणार नाही."

"मग कसा?"

"दुहेरी. पुली लावून. वेळ लागेल."

"वेळ कुठं आहे?"

"नाहीये," मी म्हटलं. "तरी लागेल."

हवालदारानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, वळला आणि शिट्टी फुंकत लोकांना मागे सारायला लागला.

काम सांगायला सोपं आहे. ट्रकला दुसऱ्या कशानं तरी धरायचं, दोर सैल करायचा, ट्रकला पुली लावून दोर तिच्यातून परत आणायचा, म्हणजे ताण निम्मा होतो. डोंगराच्या अंगाला एक मोठा खडक होता. गणपतनं ट्रकच्या मागच्या कण्याला जाड साखळी बांधली, खडकाभोवती फिरवून आवळली. आता मला दोर सोडायचा होता. ट्रक साखळीवर बसेपर्यंत थोडा तरी घसरणार. किती, ते देवाला माहीत.

मी कठड्यापाशी जाऊन खाली वाकलो. केबिनच्या फुटक्या काचेतून चेहरा दिसत होता. मध्यम वयाचा माणूस, कपाळावरून रक्त आलेलं.

"भाऊ, नाव काय तुमचं?"

"तुळशीराम."

"तुळशीराम, आता मी गाडी जराशी खाली सोडणार आहे. मग वर घेणार. खाली गेली म्हणून हलू नका."

"खाली कशाला?" तो म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "खाली नका सोडू. तुम्हाला जमत नाहीये का?"

"जमतंय."

"तुम्ही घाबरलाय. तुमचं तोंड दिसतंय मला."

"हो," मी म्हटलं. "घाबरलोय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटून घेतले आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी कवटाळलं.

मी जागेवर येऊन बसलो. ब्रेक केसाएवढा सोडला. दोर ढिला पडला आणि ट्रक सरकला. साखळी खाडकन ताणली गेली, खडकाखालची माती भुरभुरली, खाली झाड करकरलं. केबिनमधून एक हुंदका आला. मग सगळं थांबलं. साखळीनं धरलं होतं.

गणपत पुली घेऊन ट्रकच्या मागच्या चाकांमध्ये शिरला. ती जागा अशी, की साखळी सुटली असती तर ट्रकबरोबर तोही गेला असता. मला करण्यासारखं काही नव्हतं. हात ब्रेकवर ठेवून फक्त बसायचं. मी आयुष्यात एवढा वेळ कधी बसलो नाही. तो बाहेर आला, दोराचं टोक परत क्रेनला अडकवलं, स्वतःच डोंगराच्या कडेला गेला आणि हात वर केला.

मी ओढायला लागलो. पाय थरथरत होता, तसाच थरथरू दिला. मुंगीच्या चालीनं. दोर मुका होता. ट्रकची मागची चाकं रस्त्यावर मागे मागे येऊ लागली, केबिन वर आली, कठड्याच्या तुटक्या दगडांवर घासली आणि आत आली. कुणी ओरडलं नाही. लोक लांब होते आणि मला वाटतं, तेही श्वास धरून उभे होते.

तुळशीरामचा पाय पहारीनं पत्रा वाकवून काढावा लागला. हाड मोडलं होतं. त्याला जीपमध्ये ठेवताना त्यानं गणपतचा हात धरला तो सोडेना. गणपत जीपबरोबर थोडं अंतर चालत गेला.

परत आल्यावर आम्ही दोर रिळावर घेत होतो, तेव्हा गणपतचा हात एका ठिकाणी थांबला. "दादा, इकडे या."

दोराचे काही पेड तुटून उभे राहिले होते, साळिंदराच्या काट्यांसारखे. कठड्याचा एक फुटका दगड धारदार होता आणि पहिल्यांदा ओढताना दोर नेमका त्यावरून घासत गेला होता. माझ्या जागेवरून तो दगड दिसतच नव्हता. दुहेरी ओढताना दोराची वाट बदलली आणि तो दगडापासून सुटला होता.

गणपतनं त्या तुटक्या पेडांवरून बोट फिरवलं. नंतर रस्त्याच्या कडेला जाऊन बसला आणि बराच वेळ पाठमोरा बसून राहिला. मी त्याला हाक मारली नाही.

काकी दुसऱ्या दिवशीही आंब्याखाली येऊन बसली. मला वाटलं होतं, येणार नाही. पुढे कितीतरी दिवस ती येत राहिली. फरक इतकाच, की आता ती भाकरी बांधून आणायची ती तिघांची.

ट्रक काढला त्याच दिवशी संध्याकाळी मी भाईंकडे गेलो. क्रेन परत द्यायला नव्हे, पण मग कशाला तेही मला नीट माहीत नव्हतं. घडलं ते सगळं त्यांना सांगितलं. ते मधेच काही विचारायचे, कुठल्या वळणावर, साखळी कशाला बांधली, पुली कुठली. तुटलेल्या पेडांचं सांगितलं तेव्हा त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"भाई, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो," मी म्हटलं. "भीती गेली नाही माझी. आज तर पाय आवरत नव्हता. वाटलं होतं, धंदा सुरू केला की जाईल. मी या कामाचा माणूस नाही बहुतेक."

ते अंगणाकडे बघत होते. फणसाखाली क्रेन उभी असायची तिथं गवत उगवलेलं नव्हतं, चौकोनी काळी जमीन दिसत होती.

"जनार्दन गेला ते काम आठवतं तुला?" ते म्हणाले.

"आठवतं."

"रिकामा ट्रक होता. चरात गेलेला. रोजचं काम. मी गाणं गुणगुणत होतो. आठवतं?"

मला आठवत होतं. मी ते कधी कुणाला बोललो नव्हतो. वैजयंतालाही नाही.

"तो आवाज मलाही आला होता, सहदेव. दोराचा. तुला आला तसाच. पण मला भीती वाटली नाही. इतकी वर्षं काम केलं होतं, भीती कधीच संपली होती. म्हटलं, ओढून टाकू, घरी जेवण गार होतंय." त्यांनी अडकित्ता उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. "एवढंच वाटलं मला त्या वेळी. जेवण गार होतंय."

आत कुणीतरी दिवा लावला. कुंपणापलीकडे कुणाची तरी सायकल थांबली आणि टपरीवाल्याची हाक आली, "सहदेव आहे का इथं? घाटातून निरोप आलाय. टेम्पो कलंडलाय खालच्या मोरीपाशी. माणसं सुखरूप आहेत, पण रस्ता अडलाय."

भाई माझ्याकडेच बघत होते.

"भीती वाटते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग जा," ते म्हणाले.